सोडून दिलेल्या वाटांची वही

ज्या दोन रजिस्टरांवरून हे पुस्तक उतरवलं आहे, ती खरं तर कारखान्याच्या गेटवर वापरायची रजिस्टरं आहेत. चाकणच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. जाड पुठ्ठा, कडेला लाल कापडाची पट्टी आणि आत आधीच आखलेले रकाने: तारीख, गाडी नंबर, चालकाचं नाव, आत, बाहेर, सही. माझा भाचा आणि त्याचे चार सोबती मोबाइलवरचा एक खेळ तयार करायला बसले, तेव्हा लिहायला काहीतरी हवं होतं आणि खोलीखालच्या दुकानात हेच रजिस्टर होतं. त्यांनी रकाने बदलले नाहीत. 'आत'मध्ये त्या दिवशी खेळात काय आलं ते लिहिलं, 'बाहेर'मध्ये काय काढून टाकलं ते. गाडी नंबरच्या जागी बिल्डचा, म्हणजे खेळाच्या त्या त्या वेळच्या रूपाचा, नंबर आला. चालक म्हणजे ज्याने तो निर्णय घेतला तो. सही तशीच राहिली.

चौदा महिन्यांनी ही दोन्ही रजिस्टरं माझ्या हातात आली. "मामा, तुमची नोकरी कागद भरण्यात गेली, प्रस्तावना तुम्हीच लिहा," असं भाचा म्हणाला. दोन रात्री मी ती वाचली. वाचताना सगळ्यात आधी एक गोष्ट डोळ्यांत भरली. 'बाहेर'चा रकाना 'आत'पेक्षा कितीतरी जास्त भरलेला आहे. काही दिवशी 'आत'मध्ये नुसती रेघ आहे आणि 'बाहेर'चा मजकूर रकान्यात न मावून समासात, तिथून मागच्या पानावर गेलेला आहे. हे पुस्तक का वाचायचं, याचं उत्तर मला त्या भरलेल्या रकान्यात सापडलं. ते नीट सांगता यावं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

महाळुंगे म्हटलं की पुण्याच्या माणसाला बालेवाडीजवळचं महाळुंगे आठवतं, जिथे १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. आमचं महाळुंगे ते नव्हे. आमचं खेड तालुक्यातलं, महाळुंगे इंगळे, तळेगाव-चाकण रस्त्यालगतचं. लोक ज्याला बजाजचा चाकणचा कारखाना म्हणतात, तो आमच्याच गावात १९९९ साली सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग पुरवणारे, त्यांना साचे पुरवणारे, साच्यांना पॉलिश करणारे असे एकाला लागून एक आले. ज्या शेतांत मी लहानपणी ज्वारी पाहिली, तिथे आता पत्र्याच्या शेड आणि कामगारांच्या खोल्यांच्या चाळी आहेत.

अशाच एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटीत काढली. तिथे कागदाशिवाय काही हलत नाही. ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर असतो आणि जुनी रिव्हिजन शॉप फ्लोअरवर सापडली तर ऑडिटमध्ये ताशेरा बसतो. पाळी सुरू झाली की पहिला नग मोजून, सही करून लाल-हिरव्या स्टँडवर ठेवायचा. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड या चारांपैकी काहीही बदललं तर त्याची नोंद. रिजेक्शन आलं तर व्हाय-व्हाय: पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचव्या उत्तरावर इलाज करायचा. या सगळ्या कागदांमागे हेतू एकच असतो. दहा हजारावा नग पहिल्या नगासारखाच निघाला पाहिजे.

म्हणून रजिस्टरं वाचायला घेतली तेव्हा मी सवयीने तेच शोधत होतो: पद्धत काय, क्रम काय, पुढच्या वेळी हाच खेळ पुन्हा करायचा तर कुठून सुरुवात करायची. ते त्यात नाही. पहिली पन्नास पानं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ते असूही शकत नाही. खेळ पुन्हा तसाच करायचा नसतोच. एकदा झालेला खेळ संगणक वाटेल तितक्या वेळा, अगदी फुकट, तंतोतंत उतरवून देतो. दहा हजारावा नग पहिल्यासारखा निघतो तो कुणीही काही न लिहिता. मग लिहायचं कशासाठी?

या संघाचा खेळ बैलगाडा शर्यतीवर आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतल्या वाचकाला घाट, बारी, भिर्रर्र या शब्दांची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडे गाडा चढाच्या घाटात पळवतात, पुढे घोडी धावते आणि सगळा हिशेब सेकंदांचा असतो. बारा-तेरा सेकंदांत बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, संपते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ही पाचही मुलं बंदीच्या काळात मोठी झाली. घाट त्यांनी आधी मोबाइलवरच्या जुन्या चित्रफितींत पाहिला आणि मग डोळ्यांनी.

पहिल्या तीन महिन्यांची पानं बारा सेकंदांशी झुंजण्यात गेली आहेत. बारा सेकंदांच्या खेळात खेळणाऱ्याने करायचं काय? पहिल्या बिल्डमध्ये पडद्यावर बोट भराभर आपटलं की गाडा पळायचा. यात्रेला आलेल्या दहा-बारा पोरांना तो खेळायला दिला. सगळ्यांनी तीन बाऱ्या केल्या आणि फोन परत दिला. मग बारी पन्नास सेकंदांची केली. ती गावातल्या एका जुन्या गाडामालकांना दाखवली, तेव्हा त्यांनी फोन हातातही घेतला नाही. पन्नास सेकंद चालणारा गाडा त्यांच्या लेखी शर्यतीतला नव्हताच. मग वेळ मंद करून पाहिला, तोही 'बाहेर' गेला. चौथ्या महिन्यात एका पानावर चालकाच्या रकान्यात पहिल्यांदाच पाचही जणांची नावं आहेत. त्या दिवशी त्यांना कळलं की खेळ त्या बारा सेकंदांत नाहीच, तो त्याच्या आधी आहे. कोणता बैल कुणाशेजारी जुंपायचा, कोणाला खुराक किती, कोणाला प्रवास सोसत नाही, नंबर कितवा लागला, ऊन चढायच्या आधी की नंतर. बारी फक्त निकाल आहे. ती खेळणारा हात न लावता, श्वास रोखून पाहतो.

आता तयार खेळ पाहणाऱ्याला यातलं काय दिसेल? त्याला एक सरळ, साधी रचना दिसेल आणि वाटेल की हे तर उघडच होतं. तीन महिने आणि तीन मोडलेली रूपं त्या रचनेखाली गाडली गेली आहेत. ती फक्त रजिस्टरात उरली.

दुसरी नोंद मला याहून मोलाची वाटते. पहिल्या आठवड्यातल्या बिल्डमध्ये चाबकाचं बटण होतं. ते दाबलं की वेग वाढायचा. प्रत्यक्ष शर्यतीत चाबूक, काठी, टोचणी यांना परवानगी नाही, म्हणून ते काढायचं ठरलं. पण नोंद तिथे संपत नाही. ध्वनीचं काम करणारी मुलगी त्याखाली लिहिते की कायदा नसता तरी तिने ते काढायला लावलं असतं, कारण बटण दाबणाऱ्या पोरांचे चेहरे तिने पाहिले होते. त्याखाली चित्रं काढणाऱ्याने लिहिलं आहे की मग बैलाची नाराजी दाखवायची कशी, मान, कान की शेपटी? त्याखाली कानांचं एक छोटं रेखाचित्र आहे. आज त्या खेळातल्या बैलांचे कान ज्या तऱ्हेने हलतात, ते पाहून लोक कौतुक करतात. ते कान एका काढून टाकलेल्या बटणातून आले, हे रजिस्टर नसतं तर खुद्द त्या पाच जणांच्याही ध्यानात राहिलं नसतं. मी विचारलं तेव्हा त्यांच्यापैकी तिघांना ते आठवत नव्हतं.

कारखान्याचा कागद वस्तू पुन्हा तशीच व्हावी म्हणून लिहितात. खेळाची वही लिहायची ती ज्या वाटा सोडल्या त्यांच्यासाठी. त्या वाटा तयार वस्तूत दिसत नाहीत आणि माणसांच्या आठवणीतही टिकत नाहीत.

घडणीची नोंद ठेवण्याची गोष्ट आपल्या मराठी मुलखात नवी नाही. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला प्रदर्शित झाला. त्याच्या आधी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत रुजणाऱ्या दाण्याचं एकेक चित्र टिपून 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली होती. आणि १९१७च्या सुमारास, चित्रपट हा धंदा म्हणून अजून उभा राहत असताना, या माणसाने 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची फिल्म काढली. तिचा उरलेला तुकडा आपल्या पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी तपासताना दिसतात. त्याच काळात 'नवयुग' मासिकातून त्यांनी आपल्या धंद्याची, कर्जाची, वणवणीची हकिकत मराठीत लिहिली. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत. तरी ते काम कसं करत होते हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण त्यांना ते सांगावंसं वाटलं. कारागिराने आपली विद्या झाकून ठेवावी अशा काळात त्यांनी ती पडद्यावर मांडली. मला तो विलक्षण मोठेपणा वाटतो.

उलट बाजूचं उदाहरणही आपलंच आहे. सापशिडीचा पूर्वज म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी भावंडांसाठी रचला अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पुण्याच्या वा. ल. मंजूळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने पट शोधून काढले, देशोदेशीच्या संशोधकांनी त्यांवर काम केलं. ७२ घरांचे, ८४ घरांचे, १२४ घरांचे पट मिळतात. कुठल्या घरावर कोणता दुर्गुण आहे आणि तिथला साप किती खाली नेतो, हे वाचता येतं. पण अमुक घरावर शिडी का नको, लांब साप शेवटाजवळच का, कुणी खेळून पाहिल्यावर कोणतं घर बदललं, यावरचं बोलणं पटावर उमटत नाही. ते रचणाऱ्यांच्या बरोबर गेलं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, त्यांत देशी खेळांचे नियम, मैदानांची मापं, डावपेच सगळं आहे. हे काम डोंगराएवढं आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता वाटते. पण तिथेही नियम ठरलेल्या रूपात भेटतो. नियमावरून झालेली वादावादी, जिच्यातून तो नियम निघाला, ती सहसा कुणी उतरवत नाही. आपल्याला निकाल जपायची सवय आहे.

आता आमच्या या मुलांनी ज्या माणसाचं नाव पहिल्या रजिस्टराच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे, त्याच्याबद्दल. जॉर्डन मेकनर. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ त्याने १९८५ ते १९८९ या काळात ॲपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकट्याने रचला. नायकाच्या हालचाली माणसासारख्या दिसाव्यात म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि ते चित्र चित्र करून संगणकात उतरवलं. या सगळ्या काळात तो रोजनिशी लिहीत होता. पुढे ती पुस्तकरूपाने आली. तिच्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग सावलीच्या माणसाचा आहे. खेळात लढायला शत्रू हवा होता, पण संगणकाच्या स्मृतीत दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायला जागा उरली नव्हती. त्याची एक मैत्रीण सारखी म्हणत होती, लढाई हवी. शेवटी नायकाचीच चित्रं गणिताच्या एका युक्तीने किंचित सरकवून वापरली, तेव्हा पडद्यावर नायकाची काळी, लकाकती सावली उभी राहिली. जागा नव्हती म्हणून शत्रू नायकातूनच काढावा लागला, आणि खेळाला त्याचा आत्मा मिळाला.

मेकनरच्या रोजनिशीचं मोल कशात आहे? ती शेवट माहीत नसताना लिहिली गेली. खेळ यशस्वी होईल की नाही, तो पुरा तरी होईल का, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यात खेळ सोडून सिनेमाच्या पटकथा लिहायला जावं का, असले संभ्रम तसेच्या तसे आहेत. अमेरिकेत 'गेम डेव्हलपर' नावाचं मासिक १९९४ ते २०१३ निघत होतं. त्यात खेळ संपल्यावर संघाने लेख लिहायचा, पाच गोष्टी बरोबर झाल्या, पाच चुकल्या, असा रिवाज पडला होता. ते लेख उपयोगी आहेत. पण खेळ बाजारात गेल्यावर लिहिलेल्या मजकुरात माणूस नकळत सगळं सरळ करून घेतो. जी गोष्ट अपघाताने झाली ती ठरवून केल्यासारखी वाटू लागते. ज्याच्यावर त्या वेळी रागावलो होतो त्याचं नाव सौम्य होतं. कारखान्यातही मी हे पाहिलं आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेलं लॉगबुक कोणालाही ओळखता येतं: महिनाभराचं एकच पेन, एकच हस्ताक्षर, तापमानाचे आकडे सरळ रांगेत. खऱ्या लॉगबुकात शाई बदलते, चहाचा डाग असतो, एखाद्या दिवशी घाईत अर्धाच आकडा असतो. या दोन रजिस्टरांत मी सतरा पेनं मोजली.

मेकनरच्याच बाबतीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या खेळाचा मूळ संगणकीय मजकूर कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, तेव्हा तो परत मिळाला. जगभर गाजलेल्या खेळाची ही स्थिती, तर लहान खेळांचं काय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत दिसलं की तिथे २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. कापडावरचा मोक्षपट दोनशे वर्षं टिकतो. मोबाइलवरचा खेळ फोनची प्रणाली चार-दोनदा बदलली की उघडेनासा होतो. मग त्याच्याबद्दल कागदावर जे असेल तेवढंच उरतं.

आपल्या पुण्यात हे काम किती मोठ्या प्रमाणावर चालतं, याची कल्पना आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या आई-बापांना अजून नाही. मुलगा 'गेम करतो' म्हटलं की ते खेळतो असंच समजतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' या २००३च्या खेळाची नवी आवृत्ती २०२०मध्ये जाहीर झाली, तेव्हा ते काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे होतं. २०२२मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेलं. मेकनरच्या राजपुत्राला नव्याने घडवणारे हात काही काळ पुण्यातले होते, ही गोष्ट मला हलवून जाते. मोठ्या कंपन्यांत गोपनीयतेचे करार असतात, त्यामुळे त्या दिवसांचं रोजचं लिखाण आपल्या हाती लागण्याची आशा कमी. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा खेळ २०२२मध्ये जाहीर करून १६ ऑक्टोबर २०२४ला खुला केला.

आणि नोडिंग हेड्स गेम्स. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी पुण्यात उभा केलेला हा छोटा संघ. त्यांचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' १८ ऑगस्ट २०२०ला निन्टेन्डो स्विचवर आणि १५ ऑक्टोबरला इतर यंत्रांवर आला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, तिला दुर्गेने दिलेला त्रिशूळ, राजस्थानी किल्ल्यांची वास्तू, पहाडी शैलीच्या चित्रांतले रंग, बाहुल्यांच्या छायांतून सांगितलेली कथा. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पहिल्या खेळासाठी जी पाच नामांकनं होती, त्यांत 'राजी' होता. त्याआधी या संघाने लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला होता, तो साधला नाही. तरी काम थांबलं नाही. खेळ आल्यावर पुष्कळांनी म्हटलं की तो लवकर संपतो, शेवट एकदम येतो. २०२२मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाज आले.

मी 'राजी' भाच्याच्या घरी बसून पाहिला. मला खेळता येत नाही, त्याने खेळून दाखवला. पाहताना सारखं वाटत होतं की या चौकातली ही कमान अशी का, तिथे आधी काय होतं, जो शेवट लोकांना तुटक वाटला तिथे पैसा कमी पडला की वेळ की दोन्ही? संस्थापकांच्या मुलाखतींतून त्यातलं काही कळतं. पण मुलाखतीत माणूस विचारलं तेवढंच सांगतो, आणि विचारणारा सहसा यशाबद्दल विचारतो. महाळुंग्यातल्या, कोल्हापुरातल्या, अकोल्यातल्या एखाद्या नव्या संघाला 'राजी'च्या यशापेक्षा त्या मधल्या कठीण दिवसांची रोजनिशी जास्त कामाची पडेल. काय काय काढून टाकलं आणि कोणत्या कारणाने, एवढं जरी कळलं तरी.

म्हणूनच मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं. हे मराठीत आहे, हेही एक कारण. या क्षेत्रातलं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं, आणि ही मुलं त्यांची कामाची पानं इंग्रजीत लिहीतही होती. खेळाचा आराखडा, कामांची यादी, संगणकाला द्यायच्या सूचना. ते सगळं आहे, त्यांच्या संगणकांत आहे. पण बदल साठवताना जो एक ओळीचा शेरा लिहायचा असतो, तिथे महिनोन्महिने 'फिक्स', 'फायनल', 'फायनल नवीन' एवढंच आढळतं. शंका, भीती, हट्ट, माघार या गोष्टी मात्र रजिस्टरात मराठीत आल्या. मी भाच्याला कारण विचारलं. तो म्हणाला, इंग्रजीत लिहिलं की अहवाल होतो, आणि रजिस्टर कुणी बघणार नव्हतं.

ज्यांना स्वतः अशी वही ठेवायची असेल त्यांच्यासाठी, कारखान्यातल्या अनुभवावरून आणि ही रजिस्टरं वाचून, दोन-तीन गोष्टी सांगतो. वही एकच असावी आणि सगळ्यांच्या हाताशी, खोलीच्या मध्यात असावी. ज्याच्या-त्याच्या वेगळ्या वह्या झाल्या की वाद कागदावर भेटत नाहीत. या संघाची वही फोन चार्जिंगला लावायच्या जागेशेजारी होती, त्यामुळे प्रत्येकाला दिवसातून दोनदा तरी तिच्यापाशी जावंच लागे. बिल्डचा नंबर लिहिल्याशिवाय नोंद निरुपयोगी. सहा महिन्यांनी 'कालच्यापेक्षा बरं' म्हणजे कशापेक्षा, हे कोणाला कळणार? आणि खेळून पाहायला दिलं की खेळणाऱ्याने काय म्हटलं ते लिहायच्या आधी त्याने काय केलं ते लिहावं. पाहुण्यांच्या पोरानं 'छान आहे' म्हटलं आणि तिसऱ्या मिनिटाला फोन खाली ठेवला. नोंद तिसऱ्या मिनिटाची करायची. आम्ही गेजने नग मोजतो तेव्हा नगाला विचारत नाही की तू बरोबर आहेस का.

सहीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. कारखान्यात सही म्हणजे जबाबदारी, आणि पुष्कळदा धाक. चूक सापडली की आधी सही कोणाची ते पाहतात, आणि म्हणून माणसं सही करायला आणि खरं लिहायला घाबरतात. मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका लॉटची चूक प्रामाणिकपणे वहीत लिहिली आणि त्यासाठी मला बोलावून घेण्यात आलं. त्यानंतर दोन वर्षं मी माझ्या वहीत कोणतीही गोष्ट स्पष्ट लिहिली नाही. त्या दोन वर्षांत तीच चूक आणखी दोनदा झाली. पुढे एक वरिष्ठ आले, त्यांनी नियम केला की ज्याने स्वतःची चूक लिहिली त्याला त्या चुकीबद्दल काही बोलायचं नाही, फक्त लिहिली नाही तर बोलायचं. वह्या सहा महिन्यांत बदलल्या. या पाच मुलांना हा नियम मी सांगितलेला नव्हता, तो त्यांना आपसूक सापडला. दुसऱ्या रजिस्टरात एका पानावर भाच्याने लिहिलं आहे की त्याच्या चुकीने अकरा दिवसांचं काम पुसलं गेलं, प्रत ठेवलेली नव्हती. खाली बाकीच्या चौघांच्या सह्या आहेत, शेरा नाही. त्यापुढचे अकरा दिवस 'आत'च्या रकान्यात तेच तेच पुन्हा येत जातं. त्या पानांशी मी बराच वेळ थांबलो.

छापताना काय गाळलं तेही सांगणं भाग आहे. घरच्या पैशांचे आकडे गाळले आहेत. दोन ठिकाणी बाहेरच्या माणसांबद्दल रागाने लिहिलेला मजकूर होता, तो संघानेच काढायला सांगितला. आपसातली भांडणं तशीच ठेवली आहेत. नवव्या महिन्यात यात्रेतल्या निवेदकाचा आवाज खेळात हवा की नको, यावरून दोघांनी आठ दिवस एकमेकांशी फक्त रजिस्टरातून बोलणं ठेवलं. ती पानं वाचताना कोण बरोबर ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. अक्षरं, खाडाखोड, बाण शक्य तितके छापात आणले आहेत. कानाचं रेखाचित्र मूळ मापात आहे.

तिसरं रजिस्टर सुरू झालं आहे. मागच्या आठवड्यात खोलीवर गेलो तेव्हा उघडंच पडलं होतं, म्हणून पाहिलं. पहिली नोंद ध्वनीच्या मुलीची आहे. घोडीच्या टापांचा आवाज तिने यात्रेत टिपला होता, पण त्यात लाउडस्पीकरचा आवाज असा मिसळला आहे की वेगळा काढता येत नाही. खेळात आत्ता आहे तो टापांचा आवाज नारळाच्या करवंट्या आपटून केलेला आहे, आणि तिला तो मान्य नाही. येत्या यात्रेला निमगावच्या घाटावर पहाटे, स्पीकर लागायच्या आधी, पुन्हा जायचं तिने लिहून ठेवलं आहे. सोबत कोण येणार म्हणून खाली जागा सोडली होती. मी माझं नाव घातलं.

महाळुंगे इंगळे, ता. खेड, जि. पुणे